न कळलेला अबोला

धाकट्या भावानं माझ्याशी अबोला धरलाय, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तेही भावजयीनं सांगितलं म्हणून. नाहीतर बिचाऱ्याचा राग फुकटच गेला असता.

सांगतो. पण आधी आडाचं सांगतो.

आड बागेच्या मधोमध. चारी बाजूंनी झाडं, आत यायची वाट हातगाडीपुरती, त्यामुळे यंत्र शिरायचा प्रश्नच नाही. थंडी सरायला लागली की पाणी तळाला जातं आणि उन्हानं बाग जळायच्या आत, दीडेक महिन्यात, हा आड खोल करायचा होता. झाडांची पानं कडेनं वळायला लागली होती, बागवाल्याचं तोंडही. रोज सकाळी येऊन आडात डोकावायचा आणि सुस्कारा टाकून जायचा. एकदा मी तळाशी आरसा ठेवला होता. डोकावला, चमक बघितली, आणि ‘पाणी! पाणी!’ करत घरापर्यंत पळाला. त्या दिवसापासून सुस्कारा टाकायच्या आधी माझ्याकडे बघायचा.

तर आडावर हाताचा रहाट. मोठं दातेरी चाक, चाकाच्या दातात पडणारा लोखंडी खटका, आणि फिरवायची मूठ. मूठ माझ्याकडे. धाकटा तळाशी, पहार आणि फावडं घेऊन. बादली भरली की मी ओढायची, काठावर ओतायची. पैलवान ती माती हातगाडीत भरून लांब टाकून यायचा. पैलवान म्हणजे आमचा गडी, नुसती हाडं. नाव मीच ठेवलंय. भावजय दुपारपर्यंत घरचं उरकून डबा घेऊन यायची आणि मग काठावर बसून बांधकामाचे दगड निवडायची.

बादली भरली की खालून धाकटा हाक मारायचा, ‘ओढ!’ मधेच काही झालं तर, ‘थांब!’ सगळं काम या दोन शब्दांवर. आणि मला त्यातला एकही ऐकू येत नव्हता.

डावा कान माझा लहानपणापासूनच वाहतो. उशीला वास, टोपीला वास. दोन ठिकाणी लग्नाचं जमत आलं होतं. पहिलीकडचे लोक डाव्या अंगाला बसले आणि चहा तसाच ठेवून उठले. दुसऱ्या वेळी मी हुशारीनं डावी बाजू भिंतीला लावून बसलो, तर मुलीचा मामा म्हणाला, मुलगा जरा इकडे वळून दाखवा. संपलं. मग आई होती तोवर आई कानात लसूण घातलेलं कोमट तेल ओतायची, ती गेल्यावर माझं मीच ओतायला लागलो. उजव्या कानावर चाळीस वर्षं निभावली. तोही हळूहळू भरत गेला, आणि गेल्या पावसाळ्यात नाक जे गच्च झालं ते मोकळंच होईना. माझा आवाज मलाच रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमायचा. जेवायला बसलं की माझ्याच चावण्याचा आवाज. समोर दोन माणसं बोलतायत, हसतायत, आणि माझ्या डोक्यात आपलं कचर-कचर.

मग माणसांत कसा वावरायचो? सोपं आहे. समोरच्याला तोंडच उघडू द्यायचं नाही. आपणच बोलत राहायचं, टिंगल करायची. लोक हसायच्या आत आपण हसून मोकळं व्हायचं. कोणी काही विचारलंच तर डोळा मारून म्हणायचं, ‘ते तुझ्या बायकोला विचार.’ दहातल्या नऊ वेळा हे उत्तर चालतं. दहाव्या वेळी जरा मार बसतो.

आणि आडावर? आडावर डावा हात दोरावर. खाली बादलीत दगड पडला की दोर थरथरतो. बारीक माती पडली तर नुसता शिरशिरतो. थरथर थांबली की बादली भरली. मग मनात पाच आकडे मोजायचे आणि ओढायचं. आठ महिने, तीन आड, एकदाही चूक नाही. मला तर वाटायला लागलं होतं की कान हा अवयव उगीचच दिलाय.

त्या दिवशी थरथर थांबली. मी पाच मोजले. ओढलं.

बादली जड लागली. म्हटलं, धाकट्यानं मोठा दगड घातला. मी मूठ फिरवत राहिलो. समोरून पैलवान रिकामी गाडी घेऊन येत होता. तो एकदम थांबला, आडात वाकून बघायला लागला आणि गुडघ्यावर हात मारून हसायला लागला. मी खटका टाकला, वाकून पाहिलं.

धाकटा लटकत होता. बादलीच्या साखळीचा आकडा सरळ करायला त्यानं हात आत घातला होता आणि मनगट साखळीत अडकलं होतं. तळापासून दोन माणसांच्या उंचीवर, एका हातावर, पाय हवेत. तोंड सताड उघडं. मला दिसलं ते एवढंच, उघडं तोंड.

मी सोडलं त्याला खाली, हळू. आणि तेवढ्यात पैलवान माझ्या पाठीवर थाप मारून, तोंडाशी तोंड आणून ओरडला, “काय राव! सख्ख्या भावाला पण सोडत नाहीस!”

बघा, वाट समोर होती. म्हणायचं होतं, मला ऐकू आलं नाही. चार शब्द. पण मग मूठ गेली असती. मूठ गेली की मी कोण? वास मारणारा एक बहिरा माणूस. त्यापेक्षा सख्ख्या भावालाही सोडत नाही तो बरा.

मी हसलो. “कसा झुलवला!” म्हणालो.

धाकटा वर आला. मनगटाची साल निघालेली, खांदा एका बाजूला उतरलेला. माझ्यापुढे उभा राहून काहीतरी बोलला, खाली मान घालून. मी त्याच्या न दुखणाऱ्या खांद्यावर चापट मारून म्हणालो, “जा, पाणी पी.” तो शेवटचं बोलला ते तेव्हा. काय बोलला, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी हाताला फडकं बांधून परत उतरला. कामाचे दिवस थोडे होते, घरी बसून भागणार नव्हतं. आणि काय सांगू, त्या दिवसापासून काम असं झकास व्हायला लागलं! बादली भरली की दोराला दोन हिसके. थांबायचं असलं की एक. नेमकं, स्वच्छ. मला वाटलं, धाकट्याला आपणहून सुचलं, किती शहाणा आहे. मला काय माहीत, त्याला माझ्याशी बोलायचं नव्हतं म्हणून तो हाक मारत नव्हता! मी खुशीत. मी त्याला वरून ओरडून विनोद सांगत होतो. घरी येताना वाटेत बागवाल्याची नक्कल करून दाखवली. तो पुढे चालत होता, मी मागून बडबडत होतो. तो काही बोलला नाही, तर मी धरून चाललो की बोलला असेल.

तिसऱ्या दिवशी भावजयीनं माझ्यापुढे ताट आदळलं. ती समोर बसूनच बोलते आणि तिचा आवाज असा की दोन घरं पलीकडची मांजरं उठतात. म्हणून घरात माझं निभायचं.

“भाऊजी, तुम्ही दगड आहात का हो?”

“कुठला? आडातला की बागेतला?”

“हे तुमच्याशी तीन दिवस एक शब्द बोललेले नाहीत. तुम्हाला काहीच वाटत नाही?”

माझा घास हातात राहिला. “खरंच?”

“आता ‘खरंच’ काय! माणूस माणसाशी बोलत नाही, ते कळत नाही होय? हात वर होत नाही त्यांचा. मी अंगात सदरा घालून देते. आणि तुम्ही वाटेनं नकला करताय!”

मी म्हटलं, “जरा मस्करी…”

“मी डबा घेऊन बांधावर होते तेव्हा. बांधावर! तिथे ऐकू आलं मला. ‘दादा, हात तुटतोय, दादा, थांब.’ पाच-सहा वेळा. आणि तुम्ही फिरवतच होतात.”

धाकटा कोपऱ्यात पाठ करून डाव्या हातानं जेवत होता. मी खाली बघून चावायला लागलो. कचर-कचर. तीन दिवस. आणि त्या तीन दिवसांत मी त्याच्याशी किती गप्पा मारल्या होत्या! त्याची उत्तरंसुद्धा माझी मीच देऊन टाकली होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मोठ्या गावात कानाची डॉक्टरीण बसते, तिच्याकडे गेलो. घरी सांगितलं, चपला घ्यायला चाललोय.

बाहेर बाकड्यावर बसलो. आतून नाव पुकारत होते. दार उघडलं की मी अर्धा उठायचो, दुसरंच कोणी आत जायचं, मी परत बसायचो. माझ्या नंतरचे तिघं जाऊन आले. शेवटी शेजारच्या बाईनं कोपर मारलं. “अहो काका, तुम्हालाच बोलावतायत केव्हाचं!”

“माहीत आहे,” म्हटलं. “भाव खातोय.”

सगळं बाकडं हसलं. कानाच्या दवाखान्यात आलेला माणूस बहिरा असेल, हे एकालाही सुचलं नाही, आणि मी सुचू दिलं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि खडूस. आधी डावा कान नळीनं ओढून साफ केला. आत वादळ आल्यासारखं झालं, डोळ्यात पाणी आलं. मग उजव्यात दिवा घालून पाहिलं. मग एका बंद खोलीत बसवून कानावर काहीतरी लावलं आणि म्हणाल्या, आवाज आला की बटण दाबा. मी आधी नुसतंच अंदाजानं दाबत होतो, कोणाला फसवायची सवय. त्यांनी बाहेर येऊन माझ्या हातावर चापटी मारली.

मग कागदावर चित्र काढलं. माझ्या उजव्या कानाशी येऊन, एकेक शब्द ठोकून बोलल्या.

“हे नाक. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या अंगाला ही एक नळी निघते. युस्टेशियन ट्यूब. ती जाते थेट पडद्यामागच्या खोलीत. दोन्हीकडे एकेक. एरवी मिटलेली असते. तुम्ही गिळता, जांभई देता, तेव्हा क्षणभर उघडते. तेवढ्यात हवा आत जाते आणि आतला ओलावा खाली घशात उतरतो. दिवसभर ही उघडझाप चालू पाहिजे.”

“आणि माझी?”

“लहानपणी ही नळी आखूड असते आणि जवळजवळ आडवी. म्हणून पोरांची सर्दी पटकन कानात चढते. वयानं ती लांब होते, तिरपी होते, बहुतेकांचं सुटतं. तुमचं सुटलं नाही. नळी सुजून बंद राहिली. आतली हवा जिरली, पडदा आत ओढला गेला, पाणी साठलं, त्याचा पू झाला, पडदा फाटला. डावीकडे आता भोक आहे, आणि कातडी आत वाढत जाऊन हाड खातेय. ते ऑपरेशननंच निघेल. उजवीकडे पडदा शाबूत आहे, पण मागे घट्ट पाणी भरलंय.”

मला एकदम सगळं दिसलं. “म्हणजे आडाच्या तळाला आडवं भोक पाडतात, झऱ्यासाठी. ते गाळानं बुजलं.”

“तिथून पाणी आत येतं, इथून बाहेर जातं. उलटं आहे. पण बुजलंय, ते बरोबर.”

“आणि मी वरून तेल ओतत होतो.”

“चाळीस वर्षं,” बाई म्हणाल्या. “वरून ओतून ती नळी मोकळी होत नाही. आता तेल नाही, पाणी नाही. काम काय करता?”

“आडावर. रहाट फिरवतो.”

“खाली माणूस असतो?”

“असतो.”

“तो हाक मारतो, मग तुम्ही ओढता?”

मी त्यांच्याकडे बघून छान हसलो. “नाही हो, बघून करायचं काम आहे.”

त्या हसल्या नाहीत. ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाचा कागद माझ्या हातात दिला, त्यावर शिक्का मारला आणि म्हणाल्या, “ज्या कामात तुमच्या ऐकण्यावर दुसऱ्याचा जीव आहे, तिथे उद्यापासून उभं राहू नका. बायकोला सांगा, भावाला सांगा, कोणालाही सांगा. पण सांगा.”

संध्याकाळी घरी जेवायला बसल्यावर मी सांगितलं. “मला ऐकू येत नाही.”

भावजय म्हणाली, “चपला कुठायत?”

“चपला नाहीत. कान दाखवून आलो. मला खरंच ऐकू येत नाही. त्या दिवशी मस्करी नव्हती ती.”

तिनं धाकट्याकडे बघितलं. धाकट्यानं ताट सारलं आणि उठून बाहेर गेला. “बघितलंत?” ती म्हणाली. “भाऊजी, चूक झाली म्हणावं माणसानं. त्यावर पण नाटक?” आणि मी इतका बावळट की सवयीनं डोळा मारला. हात जोडायचे तर डोळा मारला. तिनं माझ्या पुढ्यातलं ताटही उचललं.

सकाळी आडावर धाकट्यानं बादलीत पाय ठेवला, दोर धरला आणि माझ्याकडे न बघता मान हलवली. सोड.

मी रहाटाची मूठ आसातून उपसून काढली आणि छातीशी धरून उभा राहिलो. “मी नाही सोडणार तुला खाली.”

धाकटा पैलवानाला काहीतरी म्हणाला. पैलवान माझ्यापुढे आला. “तो म्हणतोय, पुरे झाला तमाशा. मूठ लाव.”

“त्याला म्हणावं, मला हाक ऐकू येत नाही.”

“त्याला ऐकू येतंय की, मी कशाला म्हणू?” पैलवान हसायला लागला. मी खिशातून कागद काढून दिला. त्यानं उलटा-सुलटा केला. “ही रेघ तर नुसती खालीच चाललीय. कुठून छापून आणलास? बागवाल्याला नोटीस दिली होतीस त्यावर पण शिक्का होता.”

खरं होतं. गेल्या वर्षी ‘आड बेकायदा खोल आहे’ म्हणून मी नोटीस चिकटवली होती, बाटलीच्या झाकणाचा ठसा उमटवून. बागवाला दोन दिवस घरातून बाहेर पडला नव्हता. आता खरा शिक्काही माझ्या हातात खोटाच दिसणार.

भावजय त्या दिवशी लवकर आली होती, आमच्या दोघांत काहीतरी होणार म्हणून. ती दगडांपाशी बसली होती, हातोडी मांडीवर.

मी म्हटलं, “धाकट्या, असं कर. माझ्या पाठीमागे उभा राहा, दोन पावलांवर. आणि काहीही बोल. शिव्या दे. मी हललो, हसलो, डोळा मारला, तर मला आडात ढकल.”

तो बादलीतून उतरला. माझ्याकडे बघत, जवळून, मागे गेला.

मी तोंड भावजयीकडे करून उभा राहिलो. पहिल्यांदा ती खुदकन हसली, म्हणजे शिवीच दिली असणार, चांगली ठेवणीतली. पैलवानानं टाळी वाजवली. मी उभा. माझ्या डोक्यात माझ्याच श्वासाची घरघर. मानेवर ऊन चढत होतं.

मग भावजयीचं हसू गेलं. हातातला दगड तिथेच राहिला. तिनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे, मग परत माझ्याकडे. डोक्यावरचं फडकं ओढून तिनं तोंडाशी धरलं. पैलवान हातगाडीच्या चाकाकडे बघायला लागला, जसं काही चाक त्यानं आजच पाहिलं. एक बादली भरते तेवढा वेळ गेला. जास्तच. मी तोंडावर हसू तसंच धरून ठेवलं होतं, दुसरं काय करायचं ते येत नव्हतं, आणि गाल दुखायला लागले.

“झालं का?” मी विचारलं.

कोणी उत्तर दिलं असेल तर दिलं असेल.

शेवटी धाकटा पुढून आला. डोळे लाल. माझ्या हातातली मूठ काढून घेतली आणि तोंड मोठं उघडून, एकेक शब्द वेगळा करून बोलला. “किती दिवस झाले?”

“कमी कमी होत तुझ्या लग्नापासून. पार म्हणशील तर आठ महिने.”

“आठ महिने मी खाली होतो.”

हे मला ओठांवर लख्ख दिसलं. बायकोला विचार, म्हणायचीही सोय नव्हती, ती समोरच बसली होती.

त्यानं मूठ पैलवानाला दिली. हातगाडीकडे बोट केलं. मी गेलो आणि गाडीच्या दांड्यात उभा राहिलो.

दिवसभर माती वाहिली. पैलवान मूठ फिरवत होता, गचके देत, पण हाक आली की थांबत होता. हाका चालू झाल्या होत्या, हे मला त्याच्या मानेवरून कळायचं. ती आडाकडे कलायची. मी गाडी लांब नेऊन ओतायचो, परत आणायचो. बागवाला आला, मला गाडीवर बघून आसपास बघायला लागला, यातली खोडी कुठे आहे ते शोधत. सापडली नाही तसा घाबरून गेला.

दुपारी पैलवानाला धरलं. “धाकटा मागून काय बोलला रे?”

ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही असा हा माणूस. म्हणाला, “जाऊ दे ना दादा,” आणि पहिल्यांदाच मला स्वतःच्या डब्यातलं दिलं.

घरी आल्यावर भावजयीला विचारलं. तिनं मान हलवली. “मला विचारू नका, भाऊजी. त्यांचं ते सांगतील.” उन्हं उतरली होती. धाकटा मागच्या पायरीवर बसून पाय धूत होता. मी जाऊन शेजारी बसलो, उजवा कान त्याच्याकडे करून. त्यानं माझ्या बाजूला थोडी जागा केली.

“शिवी तर कळली,” म्हटलं. “त्याच्यापुढचं काय होतं? आता सांग. मोठ्यानं सांग, तोंडाकडे बघतो.”

तो माझ्याकडे वळला. तोंड उघडलं. मिटलं. दुखरा हात मांडीवर धरून बसला. परत उघडलं.

“समोरून नाही सांगता येत, दादा.”

एवढं मला समजलं.

मग मी पायरीवर पुढे सरकलो आणि त्याच्याकडे पाठ करून बसलो. समोर मोकळं अंगण, वाळत घातलेले त्याचे सदरे. “बोल,” म्हटलं.

बसून राहिलो. तो बोलतोय की नाही, बोलत असला तर कधी थांबणार, मला कुठून कळणार? आवंढा गिळून बघितला, जांभई देऊन बघितली, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं. डोक्यात काहीतरी टचकन वाजलं, तेवढंच. सदरे गार वाऱ्यानं हलायला लागले.

बऱ्याच वेळानं मी मान वळवून पाहिलं. त्याचे ओठ अजून हलत होते.

मी परत अंगणाकडे तोंड केलं.